कर्ज सातबाऱ्यावर, कारण मात्र मनात

विदर्भ-मराठवाड्याच्या कापूस-सोयाबीन पट्ट्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की मरणानंतरही त्याची एक परीक्षा शिल्लक राहते. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंतच्या पायऱ्या चढत त्याची फाईल जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जाते आणि तेथे त्या मरणावर दोहोंपैकी एक शिक्का बसतो : 'पात्र' किंवा 'अपात्र'. २००६ च्या सुमारास ठरलेल्या निकषांनुसार नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे अथवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि त्या कर्जाच्या वसुलीचा तगादा या गोष्टी शाबीत झाल्या तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळावयाचे. त्यांतील तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीच्या रूपाने. शाबीत न झाल्या तर व्यसन, घरगुती भांडण, आजारपण, मानसिक अस्वस्थता यांपैकी एखादा शेरा मारून फाईल बंद. खेड्यातला जो सावकार अडल्या-नडल्याला पैसा देतो त्याच्यापाशी बहुधा परवाना नसतो. त्याचे कर्ज सरकारी कागदावर येत नाही, आणि जे कागदावर नाही ते समितीच्या लेखी अस्तित्वातच नाही. माणूस ज्या पाशाने गेला तो पाश दिसला नाही, म्हणून तो नव्हताच!

अठराव्या शतकातील एका बिशपने ही विचारसरणी तत्त्वज्ञानाच्या शुद्ध भाषेत मांडून ठेवली आहे. जॉर्ज बर्कली याने १७१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, वस्तूचे अस्तित्व म्हणजे तिचे प्रतीतीस येणे. मनाबाहेर, मनावाचून स्वतंत्र असे जडद्रव्य जगात नाही. आहेत ती मने आणि मनातल्या कल्पना. या मताला मराठीत चिद्वाद म्हणतात. 'आयडियॅलिझम' या शब्दाचे 'आदर्शवाद' किंवा 'ध्येयवाद' असे सोयीस्कर भाषांतर करून आपल्याकडे जो घोळ घालण्यात आला आहे, त्याच्याशी या मताचा काही संबंध नाही. ध्येयवादी माणूस जडवादी असू शकतो, किंबहुना अनेकदा असतोच. आणि चिद्वादी माणसाला कसलेही ध्येय नसले तरी त्याचे काही अडत नाही. चिद्वादाचे लक्षण एवढेच की, जगाचा उलगडा करताना तो मनापासून निघतो आणि मनापाशीच येऊन थांबतो.

बर्कलीला खोडून काढण्यासाठी डॉ. जॉन्सनने रस्त्यातल्या दगडाला लाथ मारली, ही आख्यायिका महाविद्यालयांतून हौसेने सांगितली जाते. त्या लाथेने काहीच सिद्ध होत नाही. पायाला झालेली वेदना हीही प्रतीतीच, असे बर्कली म्हणाला असता. बर्कलीचे खरे खंडन त्याच्या चरित्रात आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे १७२९ ते १७३१ या काळात तो राहिला, तेथे त्याने शेतजमीन विकत घेतली आणि त्या जमिनीवर राबण्यासाठी गुलामही विकत घेतले. ज्या तत्त्वज्ञाच्या मते जडद्रव्य नव्हते, त्याच्या दप्तरी खरेदीखत मात्र होते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने आपल्या ग्रंथालयाला दिलेले त्याचे नाव याच कारणाने २०२३ मध्ये काढून टाकले.

याहून बोधप्रद आहे ते त्याचे नंतरचे लेखन. आयर्लंडातील क्लॉइनचा बिशप झाल्यावर त्याने १७३५ ते १७३७ या वर्षांत नुसत्या प्रश्नांचीच बनलेली एक पुस्तिका तीन भागांत काढली. पैशाचे स्वरूप आणि राष्ट्रीय बँकेची गरज यांविषयी तीत खरोखर मार्मिक असे काही आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आयरिश शेतकरी एवढा कंगाल का, या प्रश्नापाशी येताच या बुद्धिमान माणसाला त्याचा आळस आणि घाणीतही समाधान मानण्याची वृत्ती दिसते. धट्ट्याकट्ट्या भिकाऱ्यांना काही काळ सक्तीच्या दास्यात ठेवणे हाच आळसावरचा उत्तम उपाय नव्हे काय, असेही तो विचारतो. जमीन इंग्रज जमीनदारांच्या मालकीची, खंड वाढता, आणि कॅथलिक कुळाला जमीन विकत घेण्यास कायद्याने मज्जाव, या परिस्थितीत त्या कुळाने कष्ट कोणासाठी उपसावयाचे होते? १७४९ मध्ये तर त्याने कॅथलिक धर्मगुरूंना आवाहन केले की, त्यांनी आपल्या लोकांना उपदेश करून आळसातून जागे करावे. खंड उतरवावा, असे आवाहन जमीनदारांना केले असते तर ते अधिक मुद्द्याला धरून झाले असते.

आज बर्कली कोणी वाचत नाही. चिद्वाद हा तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमातला एक जुनाट धडा आहे, त्याचा बाजारहाटाशी काय संबंध, असे सुशिक्षित माणसाला वाटते. वस्तुतः सिद्धांत म्हणून मेलेला चिद्वाद सवय म्हणून जिवंत आहे. तो सरकारी अहवालात आहे, वर्तमानपत्राच्या पुरवणीत आहे, कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरात आहे आणि गुरूंच्या प्रवचनात तर आहेच. 'मानसिकता बदलली पाहिजे' हे त्याचे सध्याचे सूत्रवाक्य. मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४५-४६ मध्ये लिहिलेल्या, पण १९३२ पर्यंत संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध न झालेल्या 'जर्मन विचारप्रणाली'च्या प्रस्तावनेत एका शूर गृहस्थाची गोष्ट आहे. माणसे पाण्यात बुडतात ती केवळ गुरुत्वाकर्षणाची कल्पना त्यांच्या डोक्यात बसल्यामुळे, अशी या गृहस्थाची खात्री झाली होती. ती कल्पना डोक्यातून काढली की बुडण्याचे भय संपले. मार्क्सने ही गोष्ट जर्मनीतल्या तरुण तत्त्वज्ञांची थट्टा करण्यासाठी लिहिली. आपल्याकडे ती शासकीय धोरणाच्या योग्यतेला पोहोचली आहे.

२०१५ च्या जुलै महिन्यात राज्यसभेत शेतकरी आत्महत्यांविषयी प्रश्न आला, तेव्हा तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री राधामोहन सिंह यांच्या लेखी उत्तरातील कारणांच्या यादीत कौटुंबिक समस्या, आजार, व्यसन, हुंडा, प्रेमप्रकरणे आणि नपुंसकत्व यांचा समावेश होता. गदारोळ झाल्यावर खुलासा आला की, यादी मंत्र्यांची नव्हे, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आहे. खुलासा खराच होता, आणि दुखणे नेमके तेथेच आहे. मरणाचे कारण प्रथम ठरवितो तो ठाण्यातला हवालदार, छापील तक्त्यातील रकाने पाहून. या विभागाच्या २०१४ च्या अहवालात दिवाळखोरी वा कर्जबाजारीपणा यामुळे झालेल्या शेतकरी आत्महत्या २०.६ टक्के आणि कौटुंबिक समस्यांमुळे झालेल्या २०.१ टक्के होत्या. पुढच्याच वर्षीच्या अहवालात कर्जबाजारीपणाचा वाटा ३८.७ टक्के झाला. एका वर्षात शेतकऱ्यांचे संसार एवढे सुखाचे झाले आणि कर्जे तेवढी वाढली, असे कोणी मानणार आहे काय? कर्जाचा हप्ता थकला म्हणून बायकोचे मंगळसूत्र गहाण पडले, त्यावरून घरात वाद झाला, त्या रात्री माणसाने कीटकनाशकाची बाटली तोंडाला लावली, तर हवालदाराने कोणत्या रकान्यात खूण करावी? शेवटचे कारण तेवढे नोंदले जाते, आणि शेवटचे कारण हे नेहमी मनातलेच असते. फाशीच्या दोराविषयी कोणी तक्रार करू नये म्हणून गळ्याच्या नाजूकपणाची चौकशी करावी, तसा हा प्रकार होय.

मंत्र्यांनी जे तक्त्याच्या आडून सांगितले ते २०१७ च्या मार्चमध्ये श्री श्री रविशंकर यांनी उघडपणे सांगितले. विदर्भातील शेकडो खेड्यांत केलेल्या पदयात्रेच्या अनुभवाचा दाखला देऊन ते म्हणाले की, या आत्महत्यांमागे गरिबी हेच एक कारण नाही, अध्यात्माचा अभाव हेही आहे. वारकरी संप्रदायाच्या या महाराष्ट्रात, जेथे गावोगाव हरिनाम सप्ताह बसतो आणि पेरणी आटोपून माणसे पंढरीची वाट धरतात, तेथे शेतकऱ्यापाशी अध्यात्म कमी पडले! कमी पडले असेल तर ते पाणी, पतपुरवठा आणि भाव. आणि अध्यात्माच्या अभावाने माणसे मरत असती तर दलालांच्या आळीत एकही जण शिल्लक राहता ना.

गंमत अशी की, दीडशे वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारला याहून अधिक समज होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी हिसकावून घेतली व जाळली ती कर्जखते. कर्ज आपल्या मनात नसून सावकाराच्या पेटीत आहे, हे त्या निरक्षर माणसांना पक्के ठाऊक होते. बंड पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, तेव्हा सरकारने आयोग नेमला. रयत लग्नकार्यात उधळपट्टी करते म्हणून कर्जात बुडते, ही साहेबांची आणि शहरी पंडितांची त्या वेळचीही आवडती उपपत्ती होती. आयोगाने आकडे तपासले आणि लग्न-सणांवरील खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व देण्यात आले आहे, असा निष्कर्ष नमूद केला. त्या आयोगाला रयतेचा कळवळा होता, असे नव्हे. त्याला साम्राज्याचा महसूल शाबूत ठेवावयाचा होता आणि त्यासाठी खरे कारण माहीत असणे भाग होते. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्यातूनच आला. आजच्या राज्यकर्त्यांना खऱ्या कारणाची तेवढीही गरज उरलेली दिसत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्याअखेर जे घडले ते या दृष्टीने पुन्हा पुन्हा आठवावे असे आहे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो माणसे रुग्णालयांत दाखल झाली. त्या वर्षी कपाशी डोक्याच्याही वर गेली होती. फवारा खाली पडण्याऐवजी मजुराच्या तोंडावर येत होता. एकात एक औषधे मिसळण्याचा सल्ला दुकानदार देत होता, कारण सल्ला देण्यासाठी नेमलेला कृषी सहायक गावात क्वचितच दिसे. बोंडअळीला दाद न देणारे म्हणून २००२ पासून विकले गेलेले बियाणे त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीपुढे हतबल झाले होते. इतक्या गोष्टी डोळ्यांपुढे असताना अधिकारी आणि कंपन्या यांच्या तोंडी पहिला शब्द कोणता आला? निष्काळजीपणा. मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही, सूचना वाचल्या नाहीत. आणि उपाय कोणता? जनजागृती! चित्ररथ फिरले, पत्रके वाटली गेली. आश्विनातल्या उन्हात प्लॅस्टिकचा अंगरखा चढवून दिवसभर पंप वाहता येतो की नाही, हे जागृती करणाऱ्यांपैकी कोणी तासभर करून पाहिले असते तर जागृती कोणाची व्हावयास हवी आहे, हे त्यांना कळले असते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मन खोटे आहे काय? निराशा हा आजार नाही काय? कर्ज तर गावातल्या सर्वांवरच असते. मग एकच माणूस का मरतो? महाराष्ट्र शासनाने २०१५ नंतर विदर्भ-मराठवाड्यातील चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 'प्रेरणा' नावाचा समुपदेशनाचा प्रकल्प चालविला. तो वाईट कसा म्हणावा? कोणी म्हणूही नये. मनोविकारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी मिळावा, ही मागणी समाजवाद्यांनीच अधिक जोराने केली पाहिजे. मन नाही, असे जडवाद कधीच म्हणत नाही. मन हवेत नसते, एवढेच तो म्हणतो. तमिळनाडूतील ऊसउत्पादक शेतकऱ्यांची एक पाहणी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याच माणसांची बौद्धिक चाचणी उसाचे पैसे हाती येण्यापूर्वी आणि आल्यानंतर घेतली असता, पैसे आल्यानंतर त्यांची बुद्धी अधिक चांगली चालते, असे संशोधकांना आढळले. माणूस तोच, मेंदू तोच. फरक पडला तो खिशात. जागतिक बँकेने २०१५ चा आपला विकास अहवाल मन, समाज आणि वर्तन या विषयाला वाहिला, त्यात या निष्कर्षाची दखल घेतली गेली. पण त्यावरून उसाचे पैसे वेळेवर द्या, असे न सांगता गरिबांच्या निर्णयप्रक्रियेला योग्य वळण कसे लावावे, याच्याच युक्त्या जगभरच्या शासनांनी उचलल्या. 'प्रेरणा' प्रकल्पात घरोघर जाऊन कोण उदास आहे याची प्रश्नावली भरण्याचे काम आशा कार्यकर्त्यांवर आले. या बाया स्वतः मानधनावर राबतात. सरकार त्यांना कर्मचारी मानावयास तयार नाही, आणि त्या मानधनासाठीही त्यांना मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडावे लागते. एका देणेकऱ्याने दुसऱ्या देणेकऱ्याला, तुला झोप नीट लागते का, असे विचारावयाचे आणि उत्तर कागदावर भरून वर पाठवावयाचे.

महात्मा फुल्यांनीही शेतकऱ्याच्या सर्व अनर्थांचे मूळ अविद्येत दाखविले नाही काय, असा एक चलाख प्रश्न अलीकडे विचारला जातो. प्रश्न विचारणाराने 'शेतकऱ्याचा असूड' पहिल्या पानापलीकडे उलटावा. फुल्यांची अविद्या ही मनाची अवस्था नव्हे. ती हिसकावून घेतलेली वस्तू आहे. शेतकऱ्याने भरलेल्या पैशावर वरच्या जातींची मुले शिकतात आणि त्याची मुले गुरांमागे जातात, हा हिशेब त्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढेही मांडला होता. आणि असूडात पुढे काय आहे? सारा आहे, लोकल फंड आहे, गायराने बंद करणारे जंगल खाते आहे, पाटाचे पाणी आहे, कोर्टकचेरी आहे. लष्करी आणि पोलीस शिपाई रिकामे बसतात, त्यांच्याकडून बंधारे आणि तळी बांधवून घ्या, अशी सूचना आहे. सकारात्मक विचार करा, अशी सूचना कोठेही नाही.

आता या विषयाचा सर्वांत झोंबणारा भाग. सगळाच देश चिद्वादी झाला असता तर एक वेळ समजण्यासारखे होते. परंतु हा चिद्वाद माणूस पाहून लागू होतो. बँकेचे हजारो कोटी थकविणाऱ्या कारखानदाराच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या परिभाषेत काय म्हणतात? तणावग्रस्त मालमत्ता! शब्द नीट ऐकावा. तेथे तणाव मालकाच्या मनात नाही, मालमत्तेत आहे. आणि म्हणून इलाजही मालमत्तेवरच होतो. व्याज उतरते, मुदत वाढते, कर्जाची पुनर्रचना होते, २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली कारखाना नव्या मालकाच्या हाती स्वस्तात जातो. २०१४-१५ पासून २०२२-२३ पर्यंतच्या नऊ वर्षांत व्यापारी बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली आणि त्यांपैकी ७.४१ लाख कोटी बड्या उद्योगांची व सेवाक्षेत्राची होती, असे सरकारनेच २०२३ मध्ये संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हा अर्थमंत्रालयाचा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तो युक्तिवाद शेतकऱ्याच्या बाबतीत कोणी का करीत नाही, एवढेच विचारावयाचे. यांपैकी कोणत्या थकबाकीदार उद्योगपतीकडे सरकारने समुपदेशक धाडला? कोणाला सांगितले की, आपली मानसिकता बदला, प्राणायाम करा, लग्नात खर्च करू नका? कारखानदाराच्या कर्जावर बँक जे पाणी सोडते त्याला बँकेच्या भाषेत 'हेअरकट' म्हणतात. शेतकऱ्याच्या घरी मात्र पोरांचे मुंडण होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण येथे उफराटी लागू पडते. रेडा धनिकाचा असेल तर औषध रेड्यालाच मिळते. पखाल वाहणाऱ्याच्या वाट्याला प्रवचन.

आणि जे खरोखर माणसांनी डोक्यातून काढून कागदावर उतरविलेले असते, ते मात्र शेतकऱ्यापुढे निसर्गनियमाच्या थाटात उभे केले जाते. कापसाचा भाव हा पावसासारखा आकाशातून पडतो काय? राष्ट्रीय शेतकरी आयोगाने उत्पादनखर्चावर किमान पन्नास टक्के अधिक भाव देण्याची शिफारस २००६ मध्ये केली. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली. पण खर्चाची व्याख्या करताना स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज वगळून हिशेब झाला. शेतातला खर्च तसाच राहिला, व्याख्येतला तेवढा कमी झाला. बर्कलीला हा हिशेब आवडला असता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जी अनुदाने देते ती नियमबाह्य आहेत, असा निवाडा ब्राझीलच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेने २००५ मध्ये दिला. विदर्भाच्या कोरडवाहू कपाशीची स्पर्धा त्या कापसाशी होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने आयात कापसावरील ११ टक्के शुल्क उठविले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढविली; म्हणजे वेचणी होऊन नवा कापूस बाजारात येण्याचे नेमके महिने गाठले. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. या निर्णयाला तारीख आहे, अधिसूचना आहे, खाली सही आहे. तरीही बाजार समितीत व्यापारी शेतकऱ्याला सांगतो की, मार्केट पडले. आणि शेतकरी मान डोलावतो, जसा गारपिटीपुढे डोलावतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीक्षेत्रातील आत्महत्या ११,२९० आहेत. महाराष्ट्राचा आकडा ४,२४८. त्या ११,२९० मध्ये जमीन कसणारे शेतकरी ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजुरांची संख्या आता शेतकऱ्यांच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्राच्या मदत योजनेत प्रकरण दाखल होण्यासाठी कुटुंबातील कोणाच्या तरी नावे जमीन असावी लागते. भूमिहीन मजुराच्या मरणाची फाईल समितीपुढे जातच नाही. त्यामुळे ते मरण पात्रही ठरत नाही आणि अपात्रही ठरत नाही.